डालेक कुणाचे? एका फ्रीलान्स पटकथालेखकाच्या कराराचं प्रकरण

1963च्या उन्हाळ्यात टेरी नेशन यांच्या हातात काम नव्हतं. कार्डिफला 1930 साली जन्मलेले नेशन लंडनमध्ये विनोदी लेखनावर पोट भरत होते. टोनी हॅनकॉक या तेव्हाच्या लाडक्या विनोदवीरासाठी ते लिहायचे आणि त्याच्या रंगमंचीय दौऱ्यावरही सोबत जायचे. दौरा चालू असतानाच बीबीसीकडून विचारणा आली. शनिवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायची एक नवी विज्ञानकथा मालिका येणार होती, नाव ‘डॉक्टर हू’, आणि तिच्यासाठी लिहाल का, असं विचारलं होतं. नेशन यांनी नकार दिला. मग हॅनकॉक यांच्याशी खटका उडाला आणि दौरा सुटला. लंडनला परतून त्यांनी एजंटला सांगितलं, ते बीबीसीचं काम अजून शिल्लक असेल तर घेऊन टाका.

नाइलाजाने घेतलेल्या या कामातून सात भागांची एक कथा आणि तिच्यात ‘डालेक’ नावाचे प्राणी जन्मले. दोन-तीन वर्षांत नेशन केंट परगण्यातल्या लिन्स्टेड पार्क या जुन्या वाड्याचे मालक झाले होते. डालेकला डोळ्यांना दिसणारं रूप मात्र दुसऱ्याच माणसाने दिलं होतं, आणि त्याला बक्षिसादाखल शंभरेक पौंड मिळाले. एकाच प्राण्याचे दोन जनक, पण मिळकतीत इतकं अंतर का पडलं, हा या प्रकरणाचा विषय आहे. मालिकांसाठी फ्रीलान्स लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो बारकाईने समजून घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण त्याचं उत्तर प्रतिभेत सापडत नाही. ते नोकरीच्या स्वरूपात आणि करारातल्या एका कलमात आहे.

काम कसं मिळालं

नेशन यांच्याकडे विचारणा आली ती त्यांच्या विनोदी लेखनामुळे नव्हे. 1962 मध्ये ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ नावाची 13 भागांची विज्ञानकथा मालिका एबीसी या व्यापारी वाहिनीने केली होती आणि तिच्यासाठी त्यांनी तीन पटकथा लिहिल्या होत्या. दोन दुसऱ्यांच्या कथांची रूपांतरं होती, एक स्वतंत्र. ‘डॉक्टर हू’चे कथासंपादक डेव्हिड व्हिटेकर यांच्या नजरेत हे काम होतं. फ्रीलान्स लेखकाचं पुढचं काम मागच्या कामातून येतं हे सगळे जाणतात, पण इथे एक बारकावा आहे. विज्ञानकथेत लिहून दाखवलेले तीन तास विनोदातल्या कित्येक वर्षांपेक्षा जास्त उपयोगी पडले. कथासंपादकाला एकच पाहायचं असतं, की या माणसाला या जातीची गोष्ट ठरलेल्या मिनिटांत बसवता येते का.

पुढची पायरी कथारूपरेषेची. पहिल्या रूपरेषेत अणुयुद्धाने उजाड झालेल्या ग्रहावर दोन जमाती एकमेकींना युद्धाचा दोष देत राहतात आणि शेवटी तिसरीच, बाहेरून आलेली जमात खरी दोषी ठरते. हा शेवट नंतर गळला. रूपरेषा विकली जाते ती तिच्यातल्या परिस्थितीच्या जोरावर. शेवट हा वाटाघाटीचा भाग असतो, त्याला कवटाळून बसणारा लेखक पहिल्याच बैठकीत अडतो.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. बीबीसीचे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांना मालिकेत बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोच होते. मालिका विभागाचे प्रमुख डोनाल्ड विल्सन यांनी संहिता वाचली आणि ती करू नका असं सांगितलं. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट यांच्यापाशी एकच उत्तर होतं, दुसरी संहिता तयारच नाही. त्या जागी आधी अँथनी कोबर्न यांची यंत्रमानवांची कथा ठरली होती, पण ती चित्रीकरणाला लागण्याइतकी पक्की झाली नव्हती. नेशन यांचं काम झपाट्याचं, कागद तयार होते, म्हणून त्यांची कथा पुढे सरकली. विभागप्रमुखाला न आवडलेली संहिता केवळ हजर होती म्हणून पडद्यावर गेली. आपल्याकडे रोजच्या मालिकांत भागांची बँक, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या भागांचा साठा, संपत आली की नेमकं हेच घडतं. वेळेवर देणारा लेखक चांगल्या लेखकाच्या आधी उभा राहतो, आणि त्यात अन्याय काही नाही.

पानावर काय लिहिलं होतं

डालेकच्या मालकीचा सगळा वाद अखेर काही ओळींवर येऊन थांबतो, म्हणून त्या ओळींत काय होतं ते नीट पाहू. संहितेतल्या वर्णनात नेशन यांनी यंत्रासारखे भेसूर प्राणी सांगितले आहेत. पाय नाहीत, गोल बैठकीवर सरकतात, माणसासारखं अंगावर काहीच नाही, लवचिक दांड्यावर डोळ्याच्या जागी भिंग, हातांना पकडीचे चिमटे. पाय नको या हट्टामागे पक्का हिशोब होता. रबरी पोशाखातल्या राक्षसाची चाल माणसाचीच दिसते आणि सगळी भीती तिथेच मरते. जॉर्जियाच्या नृत्यपथकातल्या स्त्रिया पायघोळ घागऱ्यांत जमिनीवरून तरंगत गेल्यासारख्या दिसतात, ती चाल त्यांच्या मनात होती.

या वर्णनात लेखकाच्या कामाची बहुतेक सगळी वैशिष्ट्यं आली आहेत. आकाराची बंधनं स्पष्ट आहेत, पण माप, रंग, साहित्य यांबद्दल अवाक्षर नाही. डिझायनरला दिशाही मिळते आणि मोकळीकही. वर्णन दोन पानं लांबलं असतं तर कुणी वाचलं नसतं. आणि नुसतं ‘एक भयानक यंत्र येतं’ एवढंच असतं, तर ते पात्र लेखकाने निर्माण केलं असं पुढे कुठल्या तोंडाने सांगता आलं असतं?

डालेक धातूच्या जमिनीतून येणाऱ्या स्थिर विजेवर चालतात आणि म्हणून आपल्या शहराबाहेर पडू शकत नाहीत, ही कल्पनाही फार कामाची होती. भागाचं बजेट सुमारे 2,300 पौंड, लाइम ग्रोव्हचा अपुरा स्टुडिओ, 25 मिनिटांचा भाग आठवड्यात एका संध्याकाळी जवळजवळ सलग मुद्रित करायचा. चाकांवरचं यंत्र खडबडीत जमिनीवर चालणारच नव्हतं. निर्मितीची ही मर्यादा कथेतच शिरली आणि कथेला कलाटणी देऊन गेली, कारण त्या प्राण्यांना हरवण्याचा उपायही त्याच विजेत होता. अंतराळातल्या गोष्टी लिहिणाऱ्याने स्टुडिओची फरशी कशी आहे हे आधी विचारून घ्यावं.

दुसरा जनक

रेखाटन आलं ते रेमंड क्युसिक यांच्याकडून. हे काम आधी रिडली स्कॉट या तरुण डिझायनरकडे जाणार होतं, तारखा जुळल्या नाहीत म्हणून क्युसिककडे आलं. आत माणूस बसून यंत्र चालवणार, तेव्हा क्युसिक यांनी बसलेल्या माणसाभोवती रेघ मारून आकृती सुरू केली. खालचा पसरट घेर, त्यावरचे अर्धगोल, वरचा फिरता घुमट, आणि चिमट्याऐवजी एका हाताला नळ तुंबल्यावर वापरतात तसला रबरी कप, हे सगळं त्यांचं. अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट कारखान्यात चार नग बनले. गर्दी दाखवायला छायाचित्रांचे पुठ्ठे मागे उभे केले.

21 डिसेंबर 1963 रोजी पहिला भाग गेला, तेव्हा सुमारे 69 लाख प्रेक्षक होते. शेवटी पडद्यावर फक्त तो रबरी हात आला. अख्खा डालेक दिसला पुढच्या शनिवारी. 1 फेब्रुवारी 1964 रोजी कथा संपली तेव्हा आकडा 1 कोटी 4 लाखांवर गेला होता. नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली मालिका तगली ती याच सात आठवड्यांच्या बळावर.

कलम

नेशन यांच्या एजंट होत्या बेरिल व्हर्च्यू. स्पाइक मिलिगन, एरिक साइक्स, रे गाल्टन आणि अ‍ॅलन सिम्पसन या लेखकांनी मिळून असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स ही संस्था काढली होती. तिथे व्हर्च्यू टायपिस्ट आणि सेक्रेटरी म्हणून आल्या आणि लेखकांचे करार वाचता वाचता एजंट झाल्या. मालिकेबाहेरच्या वापरातून येणाऱ्या उत्पन्नात लेखकाचा हक्क राहील, अशी तरतूद त्यांनी नेशन यांच्यासाठी करून घेतली. टीव्ही मालिकेतल्या पात्राची खेळणी करून कुणी पैसा कमावेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं, म्हणूनच ती तरतूद सहज पार पडली. जिची किंमत समोरच्याला अजून कळलेली नाही अशी गोष्ट मागायची वेळ कामाच्या सुरुवातीलाच असते. यश आल्यानंतर तेच कलम मागा, वकील उभे राहतात.

या कलमाखाली कायद्याचा पाया होता. ब्रिटनच्या 1956च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या करारात काम करताना निर्माण झालेल्या कृतीची मालकी नोकरी देणाऱ्याकडे जात असे. क्युसिक बीबीसीचे पगारी नोकर, त्यामुळे त्यांचं रेखाटन आपोआप बीबीसीचं झालं. नेशन बाहेरचे, कामापुरते नेमलेले, म्हणून त्यांच्या लेखणीतून उतरलेलं पात्र आणि नाव त्यांचं राहिलं. जेवढं लिहून दिलं तेवढ्याचाच परवाना बीबीसीकडे गेला.

परिणामी डालेकचे दोन तुकडे झाले. नाव आणि पात्र लेखकाचं, रूप बीबीसीचं. खेळणी बनवणाऱ्याला दोन्ही लागतात, म्हणजे दोघांची संमती लागते, आणि उत्पन्न दोघांत वाटलं जातं. नेशन यांना क्युसिक यांच्या आकृतीशिवाय डालेक विकता येत नव्हता आणि बीबीसीला नेशनशिवाय पडद्यावर आणता येत नव्हता. ही कोंडी दोघांच्याही पथ्यावर पडली. क्युसिक मात्र त्यात कुठेच नव्हते. त्यांना मिळाली ती संस्थेने आपखुशीने दिलेली किरकोळ रक्कम. आम्हाला हा या प्रकरणातला सर्वात दुखरा भाग वाटतो. नेशन यांनी लबाडी केली नाही, बीबीसीने कायदा मोडला नाही, तरी ज्याच्या रेघांवर जग भाळलं तो माणूस हिशोबातून वगळला गेला. ‘सुरक्षित नोकरी’ या शब्दांची किंमत कधी कधी अशीही मोजावी लागते.

‘डालेक’ हे नाव कोशाच्या ‘डाल ते लेक’ खंडाच्या पाठीवरून सुचलं असं नेशन सांगत. ते पत्रकारांसाठी रचलं होतं हे त्यांनीच नंतर मान्य केलं. फ्रीलान्स लेखकाला मुलाखतीही लिहाव्या लागतात.

आपल्या कायद्यात हे कुठे बसतं

भारताचा 1957चा कॉपीराइट कायदा याच ब्रिटिश परंपरेतून आला आहे आणि त्याच्या कलम 17 मध्ये नोकरी व स्वतंत्र काम यांतला हाच भेद आहे. मुंबई-पुण्यात मालिका लिहिणाऱ्याने आपण पगारपत्रकावर आहोत की भागागणिक बिल देतो, हे आधी तपासावं. हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच प्रॉडक्शन हाऊसच्या छापील करारात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द न चुकता असतात. 2012च्या दुरुस्तीनंतर करार करताना अस्तित्वातच नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, जात नाहीत. चित्रपटात समाविष्ट झालेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा समान वाटा सोडूनही देता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच सोपवता येतो.

नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. ‘पाय नसलेले यंत्रराक्षस’ ही कल्पना झाली. भिंग, दांडा, गोल बैठक, नाव, बोलण्याची पद्धत आणि वागण्यामागचं कारण हे सगळं कागदावर उतरलं की ती मांडणी होते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवायला जाल तेव्हा एका ओळीची कल्पना नेऊ नका, असं उतरवलेलं पात्र न्या.

यश आल्यावर काय बिघडलं

पहिली अडचण नेशन यांनी स्वतःच करून ठेवली होती. सात भागांच्या शेवटी त्यांनी सगळे डालेक मारून टाकले. बीबीसीला ते परत हवे झाले, तेव्हा 1964च्या अखेरीस आलेल्या पुढच्या कथेत, आधी पाहिलेला प्रसंग दूरच्या भविष्यातला होता, असा खुलासा मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ याच्या तोंडी घालावा लागला. डालेक आता लंडनच्या रस्त्यांवर फिरणार, तर जमिनीतल्या विजेचं काय? पाठीवर वीज पकडणाऱ्या तबकड्या लावल्या. पहिल्या कथेत जी मर्यादा नाट्य देत होती, ती दुसऱ्या कथेत अडगळ झाली.

मग पैसा आला आणि वेळ गेला. 1965 मध्ये पहिला चित्रपट, 1966 मध्ये दुसरा, साप्ताहिकातली चित्रकथा, वार्षिक पुस्तकं, लंडनच्या विंडहॅम्स नाट्यगृहात नाटक, दुकानांत खेळणी. यातलं बरंच लेखन व्हिटेकर यांनी केलं किंवा नेशनसोबत केलं. नेशन यांना आता ‘द सेंट’सारख्या व्यापारी वाहिनीवरच्या मालिका बोलवत होत्या. 1965-66च्या 12 भागांच्या डालेककथेतले सहा भाग त्यांनी लिहिले, उरलेले सहा डेनिस स्पूनर यांनी. पुढे 1966 आणि 1967च्या डालेककथा व्हिटेकर यांच्या नावावर आहेत. पात्राचा मालक आणि पात्राचा लेखक असे दोन वेगळे धंदे झाले.

याच काळात नेशन यांनी डालेकना घेऊन अमेरिकेत स्वतंत्र मालिका उभी करायचा प्रयत्न केला. पायलट, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागाची संहिता तयार झाली, पण भाग काही झाला नाही. 1967 नंतर जवळजवळ पाच वर्षं डालेक ‘डॉक्टर हू’मधूनही गायब होते. स्वतःच्या पात्राला घेऊन मोठ्या बाजारात जाण्यात चूक काहीच नव्हती. पण पात्राचं रूप दुसऱ्याच्या मालकीचं असताना असा सौदा नेहमी एका सहीवाचून अडकण्याचा धोका असतो, आणि तोवर घरचं गिऱ्हाईकही थंड होतं.

1973 पासून ते पुन्हा नियमित डालेक लिहू लागले. एका वेळी त्यांनी दिलेल्या कथेवर निर्माते बॅरी लेट्स आणि कथासंपादक टेरन्स डिक्स यांचा अभिप्राय असा होता, की गोष्ट चांगली आहे, पण ती तुम्ही आम्हाला आधीच विकली आहे. त्यांनी डालेक कसे निर्माण झाले ते लिहा असं सुचवलं. त्यातून 1975ची सहा भागांची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ आली, आणि डालेकचा निर्माता डाव्हरॉस हे नवं पात्रही. सव्वा दशक एकच यंत्र लिहिणाऱ्याला बाहेरच्या माणसाच्या एका वाक्याने नवा झरा लागला. चांगला कथासंपादक मिळणं ही फ्रीलान्स लेखकाच्या आयुष्यातली मोठी मिळकत आहे, ती कुठल्याच कलमात लिहिता येत नाही.

त्याच वर्षी नेशन यांची ‘सर्व्हायव्हर्स’ सुरू झाली. साथीने जग ओस पडल्यावर उरलेल्या माणसांची ही मालिका होती. निर्माते टेरेन्स डडली यांच्याशी दिशेवरून मतभेद झाले आणि पहिल्या पर्वानंतर नेशन यांनी स्वतःच रचलेल्या मालिकेसाठी लिहिणं थांबवलं. वर लेखक ब्रायन क्लेमेन्स यांनी दावा केला, की ही कल्पना आपण नेशन यांना सांगितली होती आणि 1965 मध्ये रायटर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेकडे नोंदवलीही होती. नेशन यांनी ते ठाम नाकारलं. उच्च न्यायालयात गेलेलं प्रकरण खर्च वाढू लागल्यावर दोघांनीही सोडून दिलं. ‘ब्लेक्स 7’ या त्यांच्या पुढच्या विज्ञानकथा मालिकेत सुरुवात वेगळी होती. 1978च्या पहिल्या पर्वाचे तेराही भाग एकट्या नेशन यांनी लिहिले आणि कथासंपादक ख्रिस बाउचर यांनी ते घडवून घेतले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्वात मिळून त्यांचे सहा भाग, चौथ्यात एकही नाही. 1980 मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले. तिथे काम मिळालं, ‘मॅकगायव्हर’सारख्या मालिकांवर, पण स्वतःची नवी निर्मिती पडद्यावर उभी राहिली नाही.

ज्यांचं कलम सैल होतं

नेशन यांच्या कराराची खरी किंमत कळते ती त्याच मालिकेतल्या दुसऱ्या जोडीकडे पाहून. मर्विन हेस्मन आणि हेन्री लिंकन यांनी 1968 मध्ये ‘क्वार्क’ नावाचे छोटे यंत्रमानव निर्माण केले. हे पुढचे डालेक ठरतील अशी त्यांना आशा होती. सहा भागांची कथा कापून पाच केली गेली, म्हणून चिडून त्यांनी श्रेयनामावलीतून आपलं नाव काढलं आणि टोपणनाव दिलं. त्यातच त्यांची परवानगी न घेता क्वार्क एका मुलांच्या साप्ताहिकाच्या चित्रकथेत आल्याचं त्यांना कळलं. हक्क कुणाचे यावर वाद पेटला आणि या जोडीने मालिकेसाठी पुन्हा लिहिलं नाही. उलट बॉब बेकर आणि डेव्ह मार्टिन यांनी 1977 मध्ये आणलेल्या के-नाइन या यंत्रकुत्र्याचे हक्क त्यांच्याकडेच राहिले, आणि तीन दशकांनी त्या कुत्र्याची ऑस्ट्रेलियात स्वतंत्र मालिका झाली.

नेशन 9 मार्च 1997 रोजी लॉस एंजेलिसला वारले. हक्क वारसांकडे गेले. ‘डॉक्टर हू’ नव्याने सुरू करायची ठरली, तेव्हा 2004च्या जुलैमध्ये बीबीसी आणि वारस यांच्यातली बोलणी फिसकटली आणि डालेक येणार नाहीत असं जाहीर झालं. डालेकवरचा भाग लिहिणारे रॉबर्ट शिअरमन यांनी त्याचा दुसराच प्राणी घेतलेला पर्यायी मसुदा तयार केला. ऑगस्टमध्ये करार झाला आणि 30 एप्रिल 2005 रोजी भाग प्रक्षेपित झाला. नाव फक्त ‘डालेक’. त्याच्या श्रेयनामावलीत मूळ निर्माता म्हणून नेशन यांचं नाव आहे.